गिअरबॉक्स बदलण्याआधी कप्लर उघडून पाहा: ऑटोमॅटिक गाड्यांचे सुधारित कनेक्टर आणि त्यासोबत बदलायचे भाग

खानापूरच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी गोव्याहून २००६ सालची मर्सिडीज सी २२० सीडीआय ही पाच गिअरची ऑटोमॅटिक गाडी सेकंडहँड घेतली. गावात ती व्यवस्थित चालते. पण जांबोटीकडून कणकुंबीकडे जाताना गिअरबॉक्स चांगला तापला की एकाएकी गिअर पडायचे थांबतात आणि पुढे गाडी फक्त दुसऱ्या गिअरवर ओढते. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर कधी ती सुरळीत होते, कधी होत नाही. एका कार्यशाळेने पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च सांगितला, जो गाडीच्या आजच्या किमतीच्या घरात जातो. दुसऱ्या एका मेस्त्रींनी खाली पाहून ‘कप्लरमध्ये (म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) तेल आहे, पुसून परत बसवतो’ असे सांगितले. आता त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: एवढ्याशा कप्लरने एवढा मोठा बिघाड होऊ शकतो का, बाजारात ‘सुधारित’ म्हणून मिळणारा भाग जुन्या गाडीला चालतो का, आणि तो बदलताना सोबत आणखी काय बदलावे.

बेळगावच्या उद्यमबाग परिसरात मी गेली बावीस वर्षे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच काम करतो आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र तुमच्या गाडीत तसेच झाले आहे की नाही हे तपासणीनंतरच ठरेल, आणि ती तपासणी गिअरबॉक्स न उतरवता होते. म्हणून ती होईपर्यंत पूर्ण गिअरबॉक्सच्या खर्चाला होकार देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या गाडीतला गिअरबॉक्स ७२२.६ या मालिकेचा आहे. १९९६ साली आलेली ही मालिका अत्यंत दणकट मानली जाते आणि माझेही मत तसेच आहे. यात गिअर बदलण्याचे काम तेलाच्या दाबाने होते, आणि हा दाब कुठे सोडायचा हे सहा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे छोटे व्हॉल्व्ह, ठरवतात. हे सोलेनॉइड तेलात बुडालेल्या व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्यावर असतात. त्यांना वीज पोहोचवणारी, आणि एन२ व एन३ हे वेगाचे दोन सेन्सर अंगावर बाळगणारी प्लास्टिकची एक पाटी असते. तिला कंडक्टर प्लेट म्हणतात. ही पाटी आत तेलात आहे आणि तिला हुकूम देणारे कंट्रोल युनिट बाहेर कोरड्या जागेत आहे. दोघांना जोडणाऱ्या तारा गिअरबॉक्सच्या कवचातून जेथून बाहेर पडतात, त्या भोकात प्लास्टिकचा एक बुश बसतो. स्पेअर पार्टवाले त्याला पायलट बुश म्हणतात. त्यात बाहेरून १३ पिनांचा कप्लर बसतो.

या भागाकडे नुसते विजेचे जोडणीस्थान म्हणून पाहिले की पुढच्या सगळ्या चुका होतात. तो गिअरबॉक्सच्या भिंतीचाही तुकडा आहे. आतल्या बाजूला गरम तेल आहे, बाहेर रस्त्याची धूळ आणि पाणी आहे, आणि मध्ये काय ते रबराच्या दोन गोल कड्या, म्हणजे ओ-रिंग. गरम-थंड होण्याच्या हजारो फेऱ्यांनंतर रबर आपला ताठपणा आणि गोलाई गमावते. अठरा-वीस वर्षांच्या गाडीत ते झालेले असणे अगदी स्वाभाविक आहे. त्यात कोणाच्या निष्काळजीपणाचा प्रश्न येत नाही.

ओ-रिंग ढिली पडली की तेलाला दोन वाटा मिळतात. एक बाहेरची: बुशाखाली थेंब जमतो, तो एक्झॉस्टच्या बाजूला ओघळतो आणि कधी जळका वास येतो. ही वाट त्यातल्या त्यात बरी, कारण ती डोळ्यांना दिसते. दुसरी वाट कप्लरच्या आत, पिनांवरून तारांमध्ये जाते. समईच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसेच गिअरबॉक्सचे तेल तांब्याच्या बारीक पदरांमधल्या फटींतून वर चढते. चढण असली तरी ते थांबत नाही. महिनोन्महिने सरकत सरकत ते थेट कंट्रोल युनिटच्या पेटीपर्यंत पोहोचते. बाहेरून एक थेंबही गळत नाही, तेलाची पातळी लक्षात येण्याइतकी कमी होत नाही, आणि गाडी मात्र अधूनमधून अडकत राहते.

येथे एक शंका रास्त आहे: स्वच्छ तेल तर विजेचे वहन करत नाही, मग ते पिनांवर आल्याने बिघडते काय? नवे तेल खरोखरच फारसे नुकसान करत नाही. पण गिअरबॉक्समधले तेल क्लचच्या पट्ट्यांची आणि धातूची बारीक झीज सोबत घेऊन फिरत असते. तेल कप्लरमध्ये साचले की ही राड पिनांच्या मधोमध बसते, त्यात आपल्याकडच्या पावसाळ्याचा ओलावा मिसळतो, आणि दोन पिनांमध्ये क्षीण का होईना पण वाट तयार होते. सोलेनॉइडच्या पिनांना एवढ्याने फरक पडत नाही. वेगाच्या सेन्सरला पडतो, कारण तेथे काम बारीक स्पंदांचे असते. शिवाय तेलाची पुटे आणि राड यांमुळे पिन आणि सॉकेट यांची पकड पूर्ण बसत नाही. गाडी गार असताना चालणारी आणि तापल्यावर न चालणारी जोडणी बहुधा अशीच असते.

आता ‘दुसऱ्या गिअरवर अडकणे’ याचा अर्थ. कंट्रोल युनिटला एखादा संदेश विसंगत वाटला की ते सोलेनॉइडची वीज तोडते. धावताना जो गिअर असेल तो तसाच राहतो. थांबून इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, तरी दोष टिकून असेल तर पुढे जायला फक्त दुसरा गिअर आणि मागे जायला रिव्हर्स एवढेच मिळते. ही गिअरबॉक्स वाचवण्यासाठी केलेली सोय आहे आणि आमच्या धंद्यात तिला लिंप मोड म्हणतात. तुमची गाडी किल्ली बंद-चालू केल्यावर काही वेळा पूर्ववत होते, याचा अर्थ क्लच आणि गिअर अजून काम करत आहेत. जळालेला क्लच किल्ली फिरवल्याने बरा होत नसतो. तुमच्या पत्रातली मला सर्वांत आशादायक वाटलेली ओळ हीच आहे.

तपासणीची सुरुवात स्कॅनरने, म्हणजे गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने करावी, आणि स्कॅनर गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचणारा असावा. फक्त इंजिनचे कोड वाचणाऱ्या स्वस्त यंत्रावर बहुतेक वेळा पी०७०० एवढेच दिसते. त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्सकडे काहीतरी आहे, तिकडे विचारा’ इतकाच होतो. पी०७१५ हा इनपुट वेगाच्या सेन्सरच्या सर्किटचा, पी०७२० हा आउटपुट वेगाच्या सेन्सरचा, पी०७१० हा तेलाच्या तापमानाच्या सेन्सरचा आणि पी०७५० पासून पुढचे कोड शिफ्ट सोलेनॉइडचे. मर्सिडीजच्या स्वतःच्या यादीत एन२ आणि एन३ सेन्सरचे वेगळे क्रमांक दिसतील. या प्रकारचे कोड असतील तर रोख कप्लर, तारा आणि कंडक्टर प्लेटकडे जातो. पी०७३० सारखा, म्हणजे गिअरचे गुणोत्तर चुकल्याचा कोड एकटाच वारंवार येत असेल, आणि गाडी इंजिनचा आवाज वाढवूनही घसरत असेल, तर मात्र आतल्या क्लचचा विचार करावा लागेल.

चढावर जाऊन बिघाड दिसेपर्यंत गाडी चालवा आणि स्कॅनरवर एन२ व एन३ चे आकडे सोबत बघायला कोणालातरी बसवा. चालत्या गाडीत एखादा आकडा क्षणात शून्यावर पडून परत वर आला, तर धातूचा भाग असा थांबून पुन्हा फिरू शकत नाही, हे उघड आहे. तुटला आहे तो संदेश. तापमानाच्या सेन्सरबाबत या गिअरबॉक्सची एक खोड सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे चांगले चांगले फिटर फसतात. हा सेन्सर पी (पार्क) आणि एन (न्यूट्रल) स्थिती ओळखणाऱ्या स्विचसोबत एकाच मालिकेत जोडलेला आहे. त्यामुळे पी किंवा एन मध्ये तो तेलाचे तापमान सांगतच नाही. ते वाचायचे तर गिअर टाकूनच वाचावे.

त्यानंतर बॅटरी काढून, गाडी रॅम्पवर घेऊन कप्लर उघडावा. एक्झॉस्ट शेजारीच असल्यामुळे गाडी गार होऊ द्यावी. कप्लर सरळ ओढायचा नसतो. त्याची कडी फिरवली की तो सुटतो. जोर लावून ओढल्यामुळे तुटलेल्या कड्या मी अनेक पाहिल्या आहेत. कप्लरच्या आत पांढरा कोरडा कागद टेकवावा. तांबूस डाग आला, तर तेल आत आले आहे. तेवढ्यावर थांबू नये. लगेच कंट्रोल युनिटच्या टोकाचा कप्लरही काढून तेथेही तोच कागद टेकवावा. तुमच्या मेस्त्रींनी पहिले टोक पाहिले. खर्चाचा निर्णय दुसऱ्या टोकावर अवलंबून आहे.

पुसून परत बसवण्याच्या सल्ल्याबद्दल मला स्वतःच्या चुकीतून बोलता येते. सुरुवातीच्या काळात संकेश्वरच्या एका ग्राहकाची अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. मी नवा बुश घातला, कप्लर स्वच्छ केला, गाडी उत्तम चालली. चार महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, ती पुन्हा तशीच अडकू लागली. नवा बुश कोरडा होता. मग मी कप्लरपासून वीतभर अंतरावर एका तारेचे आवरण ब्लेडने सोलले. आतले तांबे लालसर चकाकण्याऐवजी काळपट होते, आणि पदर बोटांनी दाबले तेव्हा त्यांच्यामधून तेलाचा मोहरीएवढा थेंब वर आला. गळती थांबली होती, पण आधी तारेत शिरलेले तेल तेथेच होते आणि ते दोन्ही टोकांना पाझरत होते. त्या दिवसापासून बुश बदलला की हार्नेस (तारांचा झुपका) सुकवल्याशिवाय मी गाडी देत नाही.

हार्नेस सुकवण्याची पद्धत साधी आहे, पण तिला दिवस लागतात. दोन्ही टोके सोडवून, गिअरबॉक्सकडचे टोक सर्वांत खाली राहील असे तारांचे झुपके टांगावे, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा, हलक्या दाबाची हवा वरून खाली मारावी, आणि खालच्या टोकाला टिश्यू कागद बांधून रात्रभर ठेवावे. सकाळी कागद बदलावा. सलग दोन दिवस कागद कोरडा निघाला की हार्नेस सुकला असे समजावे. पेट्रोल, डिझेल किंवा ब्रेक क्लीनर येथे वापरू नये; त्यांनी कप्लरचे प्लास्टिक आणि तारांचे आवरण खराब होते. कंट्रोल युनिटच्या आत तेल गेले असेल तर पेटी उघडून सर्किट बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण सुकवावा. बोर्डावर हिरवट गंज किंवा जळका डाग नसेल तर बहुतेक युनिट वाचतात. हार्नेस इतका भिजला असेल की आठवडाभर टांगूनही कागद ओलाच येतो, तर तेवढा हार्नेस बदलणे स्वस्त पडते.

आता ‘सुधारित’ या शब्दाकडे येऊ. दुकानात हा शब्द वाटेल तसा वापरला जातो. त्याचा खरा अर्थ असा: कंपनीने एखाद्या भागाच्या रचनेत किंवा साहित्यात बदल केला, त्याला नवा पार्ट नंबर दिला, आणि जुना नंबर मागितला तरी यापुढे नवाच द्यावा असे स्वतःच्या पुस्तकात नोंदवले. काही कंपन्यांत नंबराच्या शेवटचे अक्षर बदलते, काहींत मधले किंवा शेवटचे आकडे बदलतात. ७२२.६ च्या बुशासाठी सध्या जो नंबर सर्वत्र चालतो तो ए २०३ ५४० ०२ ५३ हा आहे, आणि तो जुन्या गाड्यांनाही बसतो. तरीही मागवताना गाडीचा चासी नंबर देऊन तो पडताळून घ्यावा. पाकिटावर नुसते ‘नवीन मॉडेल’ असे लिहिलेले असेल आणि नंबर नसेल, तर तो सुधारित भाग मानू नये.

बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या नकली बुशात फरक असतो तो रबरात. साध्या नायट्रिल रबराला साधारण १०० अंशांच्या पुढची सततची उष्णता सोसत नाही. ते कडक होत जाते. एफकेएम जातीचे रबर, ज्याला बाजारात व्हायटन म्हणतात, ते सुमारे २०० अंशांपर्यंत टिकते. घाटात भार घेऊन चढणाऱ्या गाडीचे तेल १०० अंशांच्या आसपास सहज जाते, म्हणून हा फरक कागदावरचा नाही. स्वस्त बुश घातलेली एक गाडी वर्षभराने माझ्याकडे आली होती. काढलेली ओ-रिंग टेबलावर ठेवली तेव्हा तिचा छेद गोल राहिलाच नव्हता. भोकाला टेकणारी बाहेरची बाजू इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली होती, आणि नखाने दाबल्यावर पडलेली खूण तशीच राहिली. शेजारी ठेवलेल्या मूळ कंपनीच्या जुन्या ओ-रिंगवरची खूण मात्र हळूहळू भरून आली, आणि ती कितीतरी जास्त वर्षे चाललेली होती. बेळगावात हा भाग तयार मिळाला नाही तर पुणे किंवा मुंबईहून मागवावा लागतो आणि दोन-चार दिवस थांबावे लागते. ते थांबणे परवडते.

बुश बदलताना पाना ७ मिलिमीटरचा लागतो आणि बोल्ट एकच असतो. तो प्लास्टिकमधून बसतो, म्हणून हाताच्या हलक्या जोरानेच आवळावा. नव्या ओ-रिंगला त्याच गिअरबॉक्सच्या तेलाचा हात लावून बुश सरळ आत सारावा. कोरडी ओ-रिंग भोकाच्या कडेवर कापली जाते आणि ते बाहेरून कळत नाही. कवचातले भोक आधी सुती फडक्याने पुसून, त्याच्या कडेवर ओरखडा नाही ना हे बोट फिरवून पाहावे.

सोबत काय बदलावे, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोडवर अवलंबून आहे. एन२ किंवा एन३ चा संदेश तुटत असेल आणि कप्लर व हार्नेस कोरडा केल्यावरही तो तुटतच असेल, तर कंडक्टर प्लेट बदलावी. सेन्सर त्याच पाटीत बसवलेले असल्यामुळे वेगळे मिळत नाहीत. एवीतेवी चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सखालची तेलाची तबकडी, उघडतोच, तेव्हा फिल्टर आणि चेंबरचे पॅकिंग नवे घालावे. सोलेनॉइड मात्र मोजल्याशिवाय बदलू नयेत. खोलीच्या तापमानाला तिन्ही शिफ्ट सोलेनॉइड सुमारे ३.८ ओहम, दाब नियंत्रित करणारे दोन्ही सुमारे ५ ओहम, आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन व गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणारा भाग) लॉक करणारा सुमारे २.५ ओहम दाखवतो. मोजणी आधी कप्लरच्या पिनांवरून आणि मग थेट सोलेनॉइडवर करावी. दोन्हींतला फरक म्हणजे मधल्या जोडणीचा दोष. ३.८ ओहमच्या सोलेनॉइडला १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर लागतात. मध्ये अर्ध्या ओहमची खराब जोडणी असेल, तर जवळजवळ दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. सोलेनॉइड निर्दोष असूनही तो उशिरा उघडतो, आणि गिअर पडताना झटका बसतो.

व्हॉल्व्ह बॉडीचे आणि चेंबरचे बोल्ट ८ न्यूटन मीटरला आवळायचे असतात. हे माप टॉर्क रेंचनेच घ्यावे. ‘हाताला कळते’ असे म्हणणाऱ्यांनी वाकवलेले चेंबर माझ्याकडे दुरुस्तीला येतात. तेल मर्सिडीजच्या मान्यतेचे, २३६.१४ या प्रतीचे घालावे. या गाडीत कायमची डिपस्टिक नसते. नळीच्या टोकाला टोपण असते आणि पातळी वेगळ्या मापकाठीने, सपाट जागेवर, पी मध्ये, इंजिन चालू ठेवून, तेल ८० अंशांवर असताना पाहतात. गार तेलावर ‘पूर्ण’ भरलेली गाडी घाटात तेल फेसाळवते आणि नव्या बुशावर विनाकारण संशय जातो.

हाच विषय दुसऱ्या गाड्यांनाही लागू आहे. तुमच्या ओळखीच्यांपैकी बऱ्याच जणांकडे त्या असतील, म्हणून त्याबद्दलही लिहितो. झेडएफ कंपनीचा ६ एचपी मालिकेचा सहा गिअरचा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यू, जग्वार आणि लँड रोव्हर अशा अनेक गाड्यांत आहे. त्यात कंट्रोल युनिट बाहेर नसून व्हॉल्व्ह बॉडीसोबत आतच, तेलात असते, आणि दोघांच्या एकत्रित भागाला मेकॅट्रॉनिक म्हणतात. बाहेरचा कप्लर तेथेही प्लास्टिकच्या स्लीव्हमधूनच जातो, त्याच्याही ओ-रिंग वयाने हरतात, आणि गळती दिसते ती चेंबरच्या वरच्या कडेला. अनेक जण चेंबरचे पॅकिंग फाटले समजून चेंबरच बदलतात, आणि नव्या चेंबरवरही तेच तेल ओघळते. ही स्लीव्ह बाहेरून ओढून निघत नाही. चेंबर उतरवून आतली खिट्टी सरकवावी लागते. म्हणून चेंबर उतरला की स्लीव्ह बदलावीच, आणि गाडीचे वय झाले असेल तर मेकॅट्रॉनिक व गिअरबॉक्स यांच्यामधला ब्रिज सील आणि रबराच्या चार नळ्याही त्याच वेळी बदलाव्यात. त्यांतून दाब निसटला की रिव्हर्स उशिरा लागणे किंवा झटके बसणे सुरू होते, आणि पुन्हा चेंबर उतरवण्याची मजुरी पडते. तेलाची पातळी येथे ३० ते ५० अंशांच्या दरम्यान, इंजिन चालू ठेवून, बाजूच्या बुचातून तेल ओघळू लागेपर्यंत भरून पाहतात.

आपल्या भागात सर्वांत जास्त दिसतात त्या आयसिन या जपानी कंपनीच्या रचनेचा गिअरबॉक्स असलेल्या टोयोटा आणि तत्सम गाड्या. त्यांचे सोलेनॉइड दोन जातींचे असतात: चालू-बंद करणारे साधारण ११ ते १५ ओहमचे, आणि दाब कमी-जास्त करणारे साधारण ५ ते ५.६ ओहमचे. आतल्या तारांचा संच तेलात राहून वर्षांनी कडक होतो आणि वाकवला की आवरण तडकते. तो वेगळा मिळतो, त्यासाठी व्हॉल्व्ह बॉडी बदलायची गरज नसते. आपल्याकडे मात्र यांचा बिघाड आतपेक्षा बाहेरच जास्त होतो, आणि त्याला कारण आपला पाऊस. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस जसा पडतो तो तुम्हाला सांगायला नको. तापलेला गिअरबॉक्स ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि जेथे कोठे बारीक फट असेल तेथून पाणी ओढून घेते. पी-आर-एन-डी ओळखणारा रेंज स्विच बाहेरच्या अंगाला असतो आणि पहिला बळी तोच जातो. गाडी पी मध्ये असूनही स्टार्टर न फिरणे किंवा पी०७०५ कोड येणे ही त्याची खूण आहे. लाल चिखल धुण्यासाठी सर्व्हिसिंगवाले दाबाच्या पाण्याचा फवारा थेट गिअरबॉक्सवर मारतात, तेव्हाही हेच होते. फवारा कप्लरवर मारू नका, एवढे त्यांना स्पष्ट सांगावे.

उसाच्या पट्ट्यात, चिकोडी-संकेश्वरच्या बाजूला, तोडणीनंतर उंदीर वस्तीकडे वळतात आणि रात्रभर उभ्या गाडीच्या उबेला येतात. त्यांनी कुरतडलेल्या तारा पिळून, चिकटपट्टी गुंडाळून दिलेल्या गाड्या माझ्याकडे दर हंगामात येतात. तेथे जोड द्यायचाच तर योग्य मापाची धातूची नळी दाबून घट्ट (क्रिंप) करून, आतून गोंद असलेली आकसणारी नळी त्यावर तापवून बसवावी, आणि सगळे जोड एकाच ठिकाणी न घेता मागेपुढे घ्यावेत. कंट्रोल युनिटांना जोडणाऱ्या कॅन लाइनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. जोडाच्या ठिकाणी तो पीळ शक्य तितका कायम ठेवावा. काम झाल्यावर बॅटरी काढून, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांच्या मध्ये मीटर लावावा. तेथे कॅन लाइन आलेली असेल त्या गाडीत सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एका बाजूची वाट तुटलेली आहे.

कप्लर फुटला असेल तर तारांच्या शेपटीसह नवा कप्लर मिळतो का ते आधी पाहावे. पिन बदलताना सोनेरी मुलाम्याच्या पिनासमोर कथिलाच्या मुलाम्याची पिन कधीही घालू नये. दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श आणि गाडीची थरथर यांमुळे तेथे झीज व गंज धरतो, आणि सहा महिन्यांनी तोच कोड परत येतो. जुन्या कप्लरमधली रंगीत लॉक क्लिप हरवली असेल तर नवी मागवावी. ती नसताना कप्लर पूर्ण बसल्यासारखा वाटतो, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे सरकतो.

काही वेळा सुधारित भाग म्हणजे निव्वळ तेल असते. फोक्सवॅगन समूहाने सात गिअरच्या, दोन कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सबाबत २०१३ मध्ये जगभर मोहीम घेतली आणि सिंथेटिक तेलाऐवजी खनिज तेल घातले. विशेषतः उष्ण आणि दमट हवामानात तेलामुळे आतल्या वीजपुरवठ्यात दोष येत होता. त्या काळातली, हा गिअरबॉक्स असलेली गाडी सेकंडहँड घेणाऱ्याने हे काम झाल्याची नोंद अधिकृत विक्रेत्याकडे चासी नंबर देऊन पाहावी.

तुमच्या गाडीपुरता क्रम सांगायचा तर असा धरावा: गिअरबॉक्सचे कोड छापून घ्या, दोन्ही टोकांचे कप्लर कागद लावून पाहा, बुश नंबर पडताळून बदला, हार्नेस सुकवा, ८० अंशांवर तेलाची पातळी पाहा, कोड पुसा आणि गाडी कणकुंबीपर्यंत नेऊन आणा. एवढ्याने बिघाड गेला नाही आणि वेगाच्या सेन्सरचाच कोड परत आला, तर कंडक्टर प्लेट. त्यानंतरही गाडी घसरत असेल, तेलाला जळका वास असेल आणि चेंबरमध्ये क्लचचा काळा चुरा साठलेला असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च योग्य ठरेल. तेव्हाही नवा किंवा जुन्या बाजारातला दुसरा गिअरबॉक्स आणण्याऐवजी तुमचाच उघडून क्लच आणि सील बदलून घ्यावेत, असे माझे मत आहे. कोठल्या गाडीतून काय हाल काढून आलेला दुसरा गिअरबॉक्स बसवण्यापेक्षा ज्याचा दोष आपण डोळ्यांनी पाहिला आहे तो बरा.

काम झाल्यावर हजारएक किलोमीटर गाडी चालवून पुन्हा एकदा रॅम्पवर घ्या. कप्लरची कडी फिरवून तो सोडवा, आत पांढरा कागद टेकवा, आणि तो कोरडा निघाला तर तारीख घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. तांबूस डाग आला तर मात्र कप्लर बंद न करता मला फोटो पाठवा; बुशातून आलेले ताजे तेल आणि तारेत उरलेले जुने तेल यांचा रंग वेगळा असतो, आणि त्यावरून पुढे काय करायचे ते सांगता येईल.